हटवण्याचं कारण

कॉलरपाशी हिरवा दिवा लुकलुकतो आहे हे फादरांच्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. शनिवारची पापनिवेदनं आटोपून ते वेदीमागच्या खोलीत आरशासमोर झगा उतरवत उभे होते. दिवा माइकचा होता. बोटाच्या पेराएवढा माइक. पाच वाजता रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, थेट प्रक्षेपणासाठी त्यांनीच तो स्वतःच्या हाताने कॉलरला लावला होता. साडेपाचला रोझरी संपली, माइक काढायचा राहिला, आणि तो तसाच मिरवत फादर पापनिवेदनाच्या लाकडी कपाटात जाऊन बसले. तासाभरात त्यांनी जाळीपलीकडच्या चार माणसांची पापं ऐकली, चौघांना प्रायश्चित्ताच्या प्रार्थना नेमून देऊन देवाच्या नावाने क्षमा दिली आणि आपण एक चांगलं काम केलं अशा समजुतीत बाहेर आले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. पापनिवेदनात कानावर पडलेलं धर्मगुरूने मरेपर्यंत पोटात ठेवायचं असतं. न्यायाधीशांनी विचारलं तरी बोलायचं नाही, बिशपनी विचारलं तरी बोलायचं नाही, नुसती भुवई उंचावूनही सुचवायचं नाही. हे ज्याला जमत नाही त्याने धर्मगुरू होऊ नये, आणि जो होऊन हे मोडतो त्याचं धर्मगुरूपण राहत नाही. फादरांनी चाळीस वर्षांत एक अक्षर बाहेर पडू दिलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे भूल देतात तेव्हासुद्धा, बेशुद्धीत काही बोललो तर, या भीतीने त्यांनी भूल न घेता दाढ काढून घेतली होती.

ते चौघे कोण होते आणि काय म्हणाले, हे आम्हालाही ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

फादर तसेच, एक बाही अंगात आणि एक बाहेर, चर्चमध्ये धावले. पहिल्या बाकासमोर तिकाटण्यावर फोन उभा होता. पडद्यावर रिकामी वेदी आणि एक मेणबत्ती दिसत होती. वर लाल अक्षरांत ‘थेट’ लिहिलेलं होतं आणि कोपऱ्यात डोळ्याच्या चित्राशेजारी आकडा होता : चारशे बारा.

आठ महिन्यांत हा आकडा बाराच्या वर कधी गेला नव्हता. त्या बारांतही एक फादरांची बहीण होती आणि एक ऑफिसातला कॉम्प्युटर.

“ताई!” फादर ओरडले. “ताई, हे बंद करा!”

ऑफिसच्या ताई दाराला कुलूप लावत होत्या. पंचवीस वर्षं त्या चर्चचं ऑफिस सांभाळत होत्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यापासून गळक्या नळापर्यंत सगळं त्यांच्याच हातून जायचं, आणि तिकाटणंही त्याच लावायच्या. त्या धावत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

“अगंबाई! चारशे बारा!”

“बंद करा आधी!”

“पाचशे होऊ देत की, फादर. आता चढतंय तर…”

“ताई!”

ताईंनी नाइलाजाने बंद केलं. वेळ दिसली : एक तास बावन्न मिनिटं.

“आता हे पुसून टाका.”

“पुसता नाही येत. चॅनेल बिशप हाउसचं आहे. आपल्याला नुसतं चालू आणि बंद.” ताईंनी चष्मा वर केला. “पण पुसायचं कशाला? झालं काय?”

काय झालं हे सांगायचं म्हणजे काय गेलं असेल हे सुचवायचं. आणि चर्चमध्ये चौघे आलेले ताईंनी येता-जाता पाहिलेच असणार.

“ताई, हा माइक,” त्यांनी आवाज शक्य तितका सहज ठेवत विचारलं, “हा किती लांबचं ऐकतो?”

“लांबचं? अहो, मागच्या महिन्यात छपरावरची कबुतरं ऐकू आली होती. बिशप हाउसमधून फोन आला, तुमच्याकडे कुणाला बरं नाहीये का म्हणून.”

फादर पहिल्या बाकावर बसले. ताईंनी पाणी आणलं. ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर फादरांनी रेकॉर्डिंग लावून स्वतःच ऐकायचं. ऐकू येतंय की नाही, एका मिनिटात निकाल. पण पापनिवेदन एकदाच ऐकायचं असतं. माणूस देवाला सांगतो, धर्मगुरू मध्ये बसलेला असतो म्हणून त्याच्या कानावरून जातं. तेच दुसऱ्यांदा, फोन कानाला लावून, पुढे-मागे सरकवत ऐकायचं म्हणजे लोकांच्या खिडकीला कान लावण्यातला प्रकार झाला. फादरांनी एकदा बोट व्हिडिओ सुरू करायच्या त्रिकोणापर्यंत नेलं आणि चटका बसल्यागत मागे घेतलं.

हे सगळं लचांड मागे लागलं ते बिशप हाउसच्या एका परिपत्रकामुळे. ‘आधुनिक साधनांतून सुवार्ता’ असं त्याचं नाव होतं. प्रत्येक चर्चने आठवड्यातून तीनदा थेट प्रक्षेपण करावं आणि महिनाअखेर तक्ता भरून पाठवावा. सहाव्या रकान्यात लिहायचं होतं : किती आत्म्यांपर्यंत पोहोचलात? पहिल्या महिन्यात फादरांनी तिथे ‘परमेश्वर जाणे’ असं लिहिलं होतं. तक्ता परत आला, सोबत शेरा : कृपया आकडा लिहावा. मग याच आठवड्यात नवं पत्र आलं. ज्या चर्चची पोहोच महिन्याला पन्नासाच्या आत आहे, ती चर्चं मोठ्या चर्चमध्ये सामावून घेतली जातील. सामावून घेणं म्हणजे कुलूप लावणं, हे कळायला धर्मशास्त्र शिकावं लागत नाही.

फादरांना त्या क्षणी मात्र चर्च गेलं तरी चाललं असतं. चार माणसं गुडघे टेकून त्यांच्याजवळ जीव हलका करायला आली होती आणि त्यांनी तो चारशे बारा घरांत नेऊन ओतला होता, एवढंच त्यांना दिसत होतं.

रविवारी मिस्सेची उपासना आटोपून लोक बाहेर पडू लागले तेव्हा फादर दाराशी उभे राहिले. नेहमी ते हात मिळवायला उभे राहायचे, आज चेहरे वाचायला. कुणाला काही कळलंय का? पण विचारायचं कसं? ‘तुम्ही काल काय ऐकलंत’ म्हणावं तर ऐकण्यासारखं काहीतरी होतं हे कबूल केल्यासारखं होतं.

सगळ्यात आधी घड्याळजी आले. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि डोळ्याला भिंग लावायच्या सवयीमुळे त्यांचा एक डोळा कायम बारीक असायचा. आज तो फादरांना अर्थपूर्ण वाटला.

“काल पाहिलं, फादर.”

“हो का? कसं… म्हणजे, आवाज वगैरे कसा होता?”

“एकदम क्लिअर!”

फादरांनी दाराची चौकट धरली. “क्लिअर म्हणजे?”

“म्हणजे क्लिअर. सगळं स्वच्छ.”

“सगळं?”

“शेवटपर्यंत लावलं होतं, फादर. एक मिनिट सोडलं नाही.” घड्याळजींनी त्यांचा हात दाबला. “मनापासून सांगतो, असं तुम्ही करत राहा.”

त्यांच्यामागून आलेल्या शिवणकामवाल्या काकूंनी तर फादरांचे दोन्ही हात धरले. “फादर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती आतलं बोलणं! आमच्या सुनेलाही म्हटलं, बघ, शीक काहीतरी.”

“सूनबाईंनीही ऐकलं?”

“घरातल्या सगळ्यांनी. जेवणाच्या टेबलावरच ठेवला होता फोन.”

एकामागून एक सत्तावीस माणसांनी फादरांचं अभिनंदन केलं. इतकी वर्षं त्यांनी याच दाराशी उभं राहून प्रवचन कसं झालं असं विचारलं होतं आणि लोकांनी ‘छान, जरा लांबलं’ म्हणून काढता पाय घेतला होता. आज कुणाचा पाय निघत नव्हता. माणसं दुसऱ्याचं पाप ऐकायला इतकी आसुसलेली असतात हे पाहून फादरांना रडू यायचं बाकी राहिलं. दुपारी त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारून ठेवलं.

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांनी बिशप हाउसच्या माध्यम विभागात फोन लावला. विभागाचे संचालकही धर्मगुरूच, पण पस्तिशीचे, एका कानाने फोनवर बोलत दोन्ही हातांनी टाइप करणारे.

“फादर! तुम्हालाच फोन करणार होतो! अभिनंदन! अकराशे!”

“अकराशे काय?”

“लोक! शनिवारचा व्हिडिओ. धर्मप्रांतात पहिला नंबर. मी काल सगळ्या ग्रुपवर टाकला.”

फादरांनी खुर्ची ओढून घेतली. “तो… तो काढून टाकायचा होता.”

“काढून? का?”

“काढायचा आहे.”

“नाही, पण कारण काय?”

“कारण आहे.”

“कोणतं?”

“ते सांगता येत नाही.”

संचालक हसले. “फादर, तुमचा नम्रपणा मला माहितीय. पण हटवायचं तर अर्ज भरावा लागतो, आणि त्यात ‘हटवण्याचं कारण’ हा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढेच सरकत नाही. चार पर्याय आहेत, त्यातलं एक निवडा. पाठवतो.”

अर्ज आला. तांत्रिक बिघाड. गाण्याचे हक्क. अयोग्य मजकूर. इतर (स्पष्ट करा). फादरांनी बराच वेळ विचार केला आणि खोटं बोलणं कमीत कमी ज्यात येईल असा, ‘तांत्रिक बिघाड’ हा पर्याय निवडला. माइक चालू राहणं हा बिघाडच. दहा मिनिटांत संचालकांचा फोन.

“मी चेक केलं, फादर. पहिली दोन मिनिटं बघितली. चित्र छान, आवाज छान. बिघाड कुठाय?”

“पुढे आहे.”

“पुढे कुठे? मिनिट सांगा, मी तिथलं लावून ऐकतो.”

“नको!” फादर इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून ताई डोकावल्या. “ऐकू नका. तुम्हाला वेळ नसेल.”

“वेळ तर नाहीच आहे. आणि खरं सांगू? मला तो फार आवडला. पुढे सरकवत पाहिला मी. दीड तास नुसती वेदी आणि मेणबत्ती! माणूसच नाही फ्रेममध्ये! हल्ली लोकांना हेच हवंय. तुम्हाला कसं सुचलं?”

फादरांनी फोन ठेवला आणि दुसरा अर्ज भरला. या वेळी त्यांनी ‘अयोग्य मजकूर’ निवडलं. दुपारी उत्तर आलं, छापील : आपला अर्ज मिळाला. अयोग्य मजकुराच्या तक्रारीची शहानिशा करण्यासाठी तीन सदस्यांची समिती संपूर्ण ध्वनिमुद्रण काळजीपूर्वक ऐकेल व प्रत्येक आक्षेपार्ह वाक्याची नोंद करेल.

फादरांनी तो अर्ज मागे घ्यायला तिसरा अर्ज केला. त्यातही कारणाचा रकाना होता.

मंगळवारी संचालकांचा निरोप आला की समिती रद्द झाली, काळजी नसावी, उलट बिशपमहाराजांनी व्हिडिओची गोष्ट ऐकून फार समाधान व्यक्त केलं. त्यांनी पाहिला का? नाही, आकडा पाहिला. तीन हजार. येत्या रविवारी तो सगळ्या चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे, आवाजाची चांगली व्यवस्था करून. आणि हो, तुमचं चर्च आता सामावून घेण्याच्या यादीत नाही. पुन्हा एकदा अभिनंदन.

फादर उठून चर्चमध्ये गेले आणि गुडघे टेकून बसले. प्रार्थना करायची होती, पण कसली करायची हेच कळेना. आठ महिने त्यांनी याच जागी बसून, देवा, कुणीतरी ऐकू दे, असं मागितलं होतं. आता देवाला ते परत कसं घ्यायला सांगायचं? आणि देव तरी कारण विचारणार नाही कशावरून?

बुधवारी सकाळी त्यांनी टेबलाशी बसून बिशपना पत्र लिहायला घेतलं. ‘मला धर्मगुरूच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात यावं. कारण कृपया विचारू नये.’ एवढं लिहायला त्यांना दीड तास लागला. मसुदे चुरगाळून-चुरगाळून टोपली भरली. टोपली रिकामी करायला ताई आल्या, त्यांनी एक बोळा उलगडला आणि त्या तिथेच भिंतीला टेकल्या.

“फादर, तुम्हाला कळलं ना?”

“काय?”

“मला वाटलंच होतं. शनिवारपासून तुमचा चेहरा बघतेय. जेवत नाही, बोलत नाही.” ताईंनी पदर डोळ्यांना लावला. “चूक माझी आहे. तुम्ही कशाला सोडून जाता? मी जाते.”

“ताई, तुम्ही कशाबद्दल बोलताय?”

“आकड्याबद्दल. ते चारशे बारा खोटे आहेत.”

फादरांनी पेन खाली ठेवलं.

ताईंनी मग सगळं सांगून टाकलं. पन्नासाच्या आत पोहोच असेल तर चर्च बंद, हे पत्र त्यांनीच उघडलं होतं. त्यांना राहवलं नाही. शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्या घरांना निरोप धाडला : चर्च वाचवायचं असेल तर पाच वाजता फोनवर रोझरी लावा आणि आपोआप बंद होईपर्यंत हात लावू नका. नातेवाइकांनाही लावायला सांगा. घरात जेवढे फोन असतील तेवढे लावा. बघायलाच हवं असं नाही. आवाज बंद ठेवलात तरी मोजलं जातं.

“आवाज बंद?” फादर उभे राहिले.

“हो.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनीच. अहो, त्याशिवाय कुणी लावलं असतं का? घड्याळजींनी दुकानातल्या खणात ठेवला होता. काकूंकडे तर टेबलावर पाच फोन होते, ओळीने. आवाज चालू ठेवला असता तर घरात कल्ला झाला असता.”

“पण त्या तर म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आलं!”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून, फादर. मीच सांगितलं होतं, रविवारी भेटाल तेव्हा काहीतरी छान बोला म्हणून.”

“म्हणजे कुणीच ऐकलं नाही? एकानेही?”

“एक शब्द नाही. शपथेवर सांगते. आणि ग्रुपवरचे ते तीन हजारही नुसतं उघडून अंगठा देतात, दोन मिनिटंसुद्धा थांबत नाहीत.” ताई आता रडायलाच लागल्या. “माफ करा, फादर.”

“माफ कसलं! ताई, देव तुमचं भलं करो!” फादरांनी पत्र टराटरा फाडलं. त्यांना ओरडावंसं वाटलं, घंटा वाजवावीशी वाटली. फादरांनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत ते मध्येच थांबले.

“ताई. शनिवारचं सोडा. आधी जी बारा माणसं लावायची, ती तरी…?”

ताई टोपलीतले बोळे नीट रचू लागल्या.

“सांगा ना.”

“सुरुवातीला घड्याळजी ऐकायचे. मग त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.”

“आणि माझी बहीण?”

“त्यांना झोप लागत नाही म्हणून त्या लावतात. लागते म्हणतात मग.”

“दुःखावरचं माझं प्रवचन? त्यावर मी महिनाभर खपलो होतो, ताई.”

“ते फार छान झालं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात,” ताई म्हणाल्या आणि टोपली घेऊन निघून गेल्या.

फादर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चौघांची लाज राखली गेली होती. ती राखण्यासाठी देवाला काही चमत्कार करावा लागला नव्हता, आठ महिन्यांत कुणी आपलं ऐकत नव्हतं एवढ्यावर भागलं होतं. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता, पण तो पचेना. शिवाय रविवारचा मोठा पडदा होताच. तिथे आवाजाची चांगली व्यवस्था करणार होते.

गुरुवारी चारच्या सुमाराला टायपिस्ट बाई आल्या. त्या कोर्टातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं साक्षीदारांच्या जबानीच्या टेप कानाला लावून त्यांनी शब्द न् शब्द टाइप केला होता, खोकला आला तर ‘खोकला’ असं कंसात लिहून. एकट्या राहायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. फादर मेणबत्त्यांखालचं मेण खरवडत होते. बाई पहिल्या बाकावर बसल्या आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला.

“फादर, शनिवारी चौथी मी होते.”

फादरांच्या हातातली सुरी तशीच राहिली. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे चाळीस वर्षांचं वळण.

“तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला बोलता येत नाही, मला माहितीय,” बाई म्हणाल्या. “मीच बोलते. मला मनाई नाही. त्या दिवशी घरी गेले तर माझा फोन टेबलावर चालूच होता. ताईंनी लावायला सांगितला होता, तसा लावून आले होते. किती वेळ चालू आहे ते बघितलं आणि म्हटलं, माझं सगळं बाहेर गेलं.”

“बाई, मी…”

“थांबा. मग मी ऐकलं. बाकीच्यांचं नाही, सरकवत थेट माझ्यापाशी आले. चार वेळा ऐकलं. सवयच आहे. काळजी करू नका, माझा एक शब्दही कळत नाही. जाळीच्या पलीकडून कुजबुजलेलं माइकपर्यंत पोचतच नाही. बाकी तिघांचंही तसंच असणार. तो व्हिडिओ ठेवा नाहीतर काढा, त्यात आमचं कुणाचं काही नाही.”

फादरांनी डोळे मिटले. इतके दिवस मानेवर बसलेलं ओझं उतरलं. “देवाचे आभार,” ते म्हणाले. “देवाचे फार आभार, बाई.”

“त्यात आहे ते तुमचं आहे,” बाई म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

कागद कोर्टाच्या पद्धतीने, समास सोडून टाइप केलेला होता.

१.२१.०५ स्त्री : (अस्पष्ट)
१.२१.४० फादर : हं.
१.२३.१५ स्त्री : (अस्पष्ट)
१.२३.५० फादर : सदतीस.
१.२४.०२ फादर : आणि नऊ. सेहेचाळीस.
१.२४.३० स्त्री : (रडणे)
१.२४.३३ फादर : हं. हं. पन्नास तरी पाहिजेत.
१.२५.१० फादर : तीन नमो मरिया म्हणा.

फादरांनी कागद एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. सदतीस म्हणजे या महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांची पोहोच, नऊ म्हणजे या आठवड्याची. सहावा रकाना. त्यांनी आठवून पाहिलं. जाळीपलीकडे कुणीतरी होतं, बाईमाणूस होतं, बराच वेळ बोलत होतं. काय बोलत होतं? त्यांनी जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. काहीच नाही. ज्या गुपिताच्या काळजीने त्यांनी जेवण सोडलं होतं, ते त्यांच्या पोटात कधी गेलंच नव्हतं.

“तेव्हा मला वाटलं, तुम्ही प्रार्थना पुटपुटताय,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर फादरांना बरं वाटलं असतं. “म्हटलं, माझ्यासाठीच करताय. मला फार बरं वाटलं होतं.”

“मी चुकलो, बाई,” फादर म्हणाले. “मला त्या आकड्यांनी… नाही, आकड्यांनी नाही. मीच. माझं लक्ष नव्हतं.”

“हो.”

“पुन्हा सांगाल? आत्ता, इथेच बसून? कपाटात नको, माइक नको, काही नको. मी ऐकतो. एकूण एक शब्द ऐकतो.”

बाईंनी खरंच प्रयत्न केला. त्यांनी पर्स बाजूला ठेवली, हात मांडीवर घेतले, दोनदा घसा साफ केला. फादर पुढे वाकून, श्वास रोखून बसले. चाळीस वर्षांत ते कुणाच्या तोंडाकडे असे टक लावून बसले नव्हते. बाहेरून एक हातगाडी गेली. बाईंचे ओठ हलले आणि मिटले.

“नाही जमत, फादर,” त्या शेवटी म्हणाल्या. “एकवीस वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते. त्या दिवशी कसं कोण जाणे, जमलं होतं.”

“मग पुढच्या शनिवारी? किंवा केव्हाही. तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“बघू.”

त्या उठल्या. कागद फादरांच्या हातातच राहिला. दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“आणि फादर, ते आकड्यांचं मी कुणाला बोलणार नाही. माझ्यापाशीच राहील. तुम्ही निर्धास्त राहा.”

“थँक यू,” फादर खाली मान घालून म्हणाले. चाळीस वर्षं लोक जाळीपलीकडून उठून जाताना त्यांना असंच, असाच चेहरा चुकवत, थँक यू म्हणत आले होते. ते म्हणताना माणसाला कसं वाटतं, हे त्यांना आज कळलं.